सायकलसफरीचे हलके सामान घरी बेतताना

सायकलवर तंबू, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाचे साहित्य लादून काही दिवसांच्या सफरीला निघणाऱ्या प्रत्येकाला वजनाचा प्रश्न पहिल्याच चढावर पडतो आणि मग तयार मिळणाऱ्या हलक्या वस्तूंचा शोध सुरू होतो. हे सामान शक्य तितके घरीच शिवावे, असे मी आग्रहाने सांगत आलो आहे. मात्र त्यामागचे माझे मुख्य कारण वजन हे नाही. तयार पिशवी कोणत्याही सायकलला बसावी अशी बेतलेली असते आणि तयार दुलई कोणत्याही उंचीच्या माणसाला पुरावी अशी. घरी शिवलेली वस्तू एकाच सायकलला आणि एकाच माणसाला बसवायची असते, त्यामुळे तिच्यात जास्तीचे कापड, जास्तीचे पट्टे आणि जास्तीची बक्कले राहतच नाहीत. माप नेमके जमले की वजन त्या ओघात उतरते.

वजनाचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा. सामान ५ किलोने कमी केले आणि दिवसभरात एकूण १,००० मीटरची चढण चढली, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे काम साधारण ४९ किलोज्यूलने वाचते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली, तर शरीराची वाचणारी ऊर्जा ५० किलोकॅलरींच्या आसपास भरते. ही बचत फार मोठी नाही. सपाट रस्त्यावर तर बहुतेक शक्ती हवेच्या विरोधात खर्च होते आणि तिथे ५ किलोंचा फरक जवळपास जाणवत नाही. तीव्र चढावर मात्र स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो भरत असतील, तर त्यातले ५ किलो उतरवल्यावर तेवढ्याच जोरात वेग ५ ते ६ टक्क्यांनी वाढतो. याहून मोठा लाभ असा, की मागच्या चाकाच्या तारा कमी तुटतात, उतारावर सायकल डुलत नाही, आणि खडकाळ वाटेवर किंवा जिन्यावर ती उचलून घ्यायची वेळ आली तर एकट्याला उचलता येते. हे लाभ सामान किती जड आहे यावर जेवढे अवलंबून असतात, तेवढेच ते सायकलवर कुठे आणि किती घट्ट बसले आहे यावरही असतात. म्हणूनच माप मला वजनाच्या आधी महत्त्वाचे वाटते.

घरी शिवण्याची ही रीत या छंदाच्या मुळाशीच आहे. सायकलवरून तंबू नेऊन मुक्काम करण्याचा प्रघात ज्याने ब्रिटनमध्ये पाडला, तो टॉमस हिराम होल्डिंग व्यवसायाने शिंपी होता. १८९७ मध्ये त्याने आयर्लंडमध्ये सायकलवरून मुक्कामी सफर केली आणि १९०१ मध्ये सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांची संघटना उभी राहिली. सायकलवर मावेल एवढा छोटा, हलका तंबू बेतायचा कसा, हा प्रश्न एका शिंप्याने सोडवला, यात मला आश्चर्य वाटत नाही. पुढे १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या बाईंनी अमेरिकेतील अॅपलेशियन ट्रेल ही ३,००० किलोमीटरांहून लांब पायवाट एकट्याने पार केली, तेव्हा त्यांच्या खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची थैली होती आणि पावसासाठी न्हाणीघरात लावायचा प्लॅस्टिकचा पडदा होता. १९९० च्या दशकात रे जार्डिन या गिर्यारोहकाने तंबूऐवजी टार्प (दोऱ्यांनी ताणून बांधायचे छताचे कापड), स्लीपिंग बॅगऐवजी दुलई आणि घरी शिवलेली पाठपिशवी यांचा पद्धतशीर पुरस्कार केला. आज हलक्या सामानाच्या दुनियेत जे प्रचलित आहे, त्यातले पुष्कळसे अशा घरगुती मशीनांवरून आलेले आहे.

कातर हातात घेण्यापूर्वी एक कंटाळवाणे पण अनिवार्य काम असते. स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा घ्यावा, सफरीत नेतो ती प्रत्येक वस्तू, अगदी मेखांची पिशवी आणि टॉर्चचा पट्टासुद्धा, त्यावर ठेवावी आणि वहीत नोंद करावी. अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाचे वजन ४.५ किलोंच्या आत असेल, तर त्याला अतिहलके म्हणण्याची पद्धत आहे, पण त्या आकड्याच्या मागे लागण्याची गरज नाही. वहीचा खरा उपयोग कुठे हात घालायचा हे कळण्यासाठी होतो. मागचे कॅरियर ६०० ते ८०० ग्रॅमचे असते आणि त्यावर लटकणाऱ्या मजबूत, जलरोधक पिशव्यांची जोडी दीड ते दोन किलोंची. म्हणजे आत काहीही न भरता सव्वादोन-अडीच किलो वजन फिरत असते. याउलट सायकलच्या त्रिकोणात बसणारी पिशवी, सीटमागची पिशवी आणि हँडलवरची वळकटी असा शिवलेला संच ७०० ते ९०० ग्रॅमांत होतो. त्यात जागा कमी मिळते हे खरे, पण जागा कमी असली की वस्तूही निवडून घेतल्या जातात. टूथब्रशची दांडी कापून जे दोन ग्रॅम वाचतात, त्यांचा विचार या वहीच्या शेवटच्या पानावर करावा.

कापड निवडताना धाग्याची जाडी, दर चौरस मीटरचे वजन आणि पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता, एवढे तीन आकडे समजले तरी बरेच भागते. धाग्याची जाडी डेनिअरमध्ये सांगतात; ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. पाण्याचा दाब कापडावर उभ्या केलेल्या पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवरून मोजतात. छताला १,५०० ते २,००० मिलिमीटर पुरतात, जमिनीवर अंथरायच्या कापडाला मात्र गुडघ्याचा आणि कोपराचा भार सोसायचा असल्याने जास्त लागतात. टार्पसाठी सिलिकॉनचा लेप दिलेले ३० डेनिअरच्या आसपासचे नायलॉन बरेच वापरले जाते आणि ते चौरस मीटरला ४० ते ५० ग्रॅम भरते. नायलॉन हवेतील दमटपणाने स्वतःच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओल धरते, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. या फरकाचा परिणाम रात्री दिसतो: संध्याकाळी ताणून बांधलेल्या नायलॉनच्या टार्पला पावसात झोळ पडतो आणि दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात, तर पॉलिस्टरचा टार्प बराच वेळ ताठ राहतो. नायलॉन फाटायला जास्त चिवट असते, तरी टार्पसाठी माझी पसंती पॉलिस्टरलाच आहे, कारण मध्यरात्री पावसात उठून दोऱ्या ओढणे मला अजिबात आवडत नाही.

डायनिमा या अतिशय मजबूत कृत्रिम तंतूंचे, दोन पातळ फिल्मांमध्ये दाबलेले कापड याहूनही हलके असते, मुळीच ताणले जात नाही आणि पाणीही पीत नाही. त्याचे मूळ शर्यतीच्या नौकांच्या शिडांमध्ये आहे. परंतु ते शिवण्यापेक्षा चिकटवून जोडावे लागते, घासण्याला आणि टोचण्याला ते कमी टिकते, आणि ते महाग असल्याने त्यावर हात बसवणे परवडत नाही. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. जमिनीवर अंथरायला बांधकामात वापरतात ते टायव्हेक उत्तम. पॉलिएथिलीनच्या तंतूंपासून बनलेले हे कागदासारखे कापड सुरुवातीला कडक असते आणि कुरकुर आवाज करते, पण एकदा थंड पाण्यात धुतले की मऊ पडते. त्याच्या कडा दुमडायचीही गरज नाही, कारण त्याचे धागे सुटत नाहीत.

दोरा पॉलिस्टरचाच घ्यावा. सुती दोरा ओल धरतो आणि कालांतराने कुजतो. पातळ कापडाला ७० नंबरची सुई, पिशव्यांच्या जाड कापडाला ९० किंवा १०० नंबरची, आणि प्रत्येक मोठ्या कामाला नवी सुई, हा नियम मी पाळतो, कारण बोथट सुई पातळ कापडातले धागे ओढते आणि त्या ओढलेल्या रेषेवर पुढे पाणी झिरपते. टीप फार बारीक घालू नये. अडीच-तीन मिलिमीटरांपेक्षा लहान टाके पडले तर छिद्रांची दाट ओळ तयार होते आणि ताण आल्यावर कापड नेमके त्याच ओळीवर फाटते. सिलिकॉन लावलेले कापड इतके निसरडे असते, की टाचण्या लावूनही दोन थर एकमेकांवरून सरकतात. अशा वेळी मायेच्या, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडाच्या, भागात कागदाला लावायची गोंदाची कांडी हलकेच फिरवली तर शिवण होईपर्यंत थर जागेवर राहतात. खुणा करायला साबणाची वाळलेली चिपटी खडूपेक्षा बरी, तिची रेघ बारीक उमटते आणि नंतर धुऊन जाते.

आता त्रिकोणी पिशवीकडे वळतो, कारण स्वतः शिवण्याचा सर्वांत मोठा मोबदला तीच देते. सायकलच्या फ्रेममधील त्रिकोण प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, आणि तयार पिशवी घेतली तर कोपऱ्यांत हमखास जागा वाया जाते. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा फ्रेमच्या मागे धरून नळ्यांच्या आतल्या कडेने पेन्सिल फिरवावी, तो आकार कापावा आणि तो पुठ्ठा त्रिकोणात बसवून पाहावा. तो अडकतो तिथे थोडा छाटावा, सैल राहतो तिथे कागदाची पट्टी चिकटवावी. पुठ्ठा सहज आत-बाहेर होऊ लागला, की चारी बाजूंनी आणखी ५ मिलिमीटर कमी करावे, कारण भरलेली पिशवी फुगते आणि नळ्यांना दाबते. त्या पुठ्ठ्यावरच बाटलीच्या स्क्रूची भोके, गिअरच्या वायरी कुठून जातात त्या जागा, सीटची पकड आणि पट्टे कुठे येतील ते सर्व लिहून ठेवावे. पुठ्ठ्याच्या या मापात कुठेही माया धरलेली नसते. ती कापड बेतताना १ सेंटीमीटर सोडायची.

पिशवीची रुंदी ठरवायला टेप पुरत नाही. सायकलवर बसून, कोणाला तरी धरायला सांगून, पायडल फिरवताना दोन गुडघ्यांमध्ये आणि दोन मांड्यांमध्ये किती अंतर उरते ते पाहावे लागते. बहुतेकांना ५ ते ६ सेंटीमीटर रुंदी चालते, आणि पुढच्या टोकाला थोडी जास्त व सीटच्या नळीकडे थोडी कमी ठेवली तर गुडघे घासत नाहीत. दोन त्रिकोणी बाजू आणि त्यांना जोडणारी, सगळ्या परिघाला वळसा घालणारी एक लांब पट्टी, एवढीच या पिशवीची रचना आहे. शिवताना क्रम चुकला तर मात्र मशीनचा हात आत पोहोचत नाही. आधी सपाट असताना उजव्या बाजूत चेन (झिप) बसवावी, मग सपाट पट्टीवर पट्ट्यांचे फासे शिवून घ्यावेत, आणि त्यानंतरच बाजू व पट्टी एकत्र आणावी. कोपऱ्यावर पट्टीला मायेच्या आत छोटे छोटे काप दिले, म्हणजे ती वळते आणि चुण्या पडत नाहीत. उघडी राहिलेली कड आतून फितीच्या गोटात बंद करावी, नाहीतर आतल्या वस्तूंच्या घासण्याने तिचे धागे सुटत राहतात. या पिशवीला मी नायलॉन, पॉलिस्टरच्या तिरप्या धाग्यांची जाळी आणि जलरोधक फिल्म असे थर असलेले एक्स-पॅक जातीचे कापड वापरतो. अशा थरांच्या कापडात सुईचे भोक कायमचे राहते, म्हणून टाचण्यांऐवजी चिमटे लावावेत आणि टीप उसवायची वेळ येणार नाही इतका विचार आधी करावा.

या पिशवीत सर्वांत आधी हार मानते ती चेन, आणि तिचे कारण जवळपास नेहमी कोंबून भरणे हे असते. पिशवी फुगली की दोन्ही बाजूंचे कापड चेनचे दाते एकमेकांपासून ओढते. त्यात धूळ गेली की सरकता तुकडा झिजतो आणि चेन मागून उघडत जाते. यावर दोन उपाय करावेत. एक, चेन जाड घ्यावी. १० नंबरची नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन जड वाटली तरी ती घ्यावी, आणि ती वळणावर न नेता वरच्या नळीला समांतर सरळ बसवावी. दोन, पिशवीच्या आत मध्यभागी डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी एक रुंद पट्टी शिवावी, म्हणजे बाजू बाहेर फुगू शकत नाहीत आणि ताण चेनऐवजी त्या पट्टीवर येतो. ही पट्टी बाहेरून दिसत नाही, पण पिशवी किती वर्षे टिकेल ते मुख्यतः तीच ठरवते, असे मी निःशंकपणे म्हणतो. पिशवी बसवण्यापूर्वी नळ्यांवर पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवावी, कारण पट्ट्याखाली अडकलेली धूळ रंग खरवडून काढते.

सीटमागच्या पिशवीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती डुलते, आणि डुलणे कमी करण्यासाठी जड वस्तू सीटच्या नळीलगत व हलक्या वस्तू टोकाकडे भराव्यात, तळाला आत पातळ प्लॅस्टिकचा ताठ तुकडा घालावा आणि नळीभोवतीचा पट्टा जितका खाली घेता येईल तितका घ्यावा. मागच्या दिव्यासाठी टोकाला एक आडवा फासा शिवायला विसरू नये, कारण पिशवी सीटपोस्टवरचा दिवा झाकून टाकते. हँडलवरची वळकटी ही दोन्ही तोंडे गुंडाळून बंद होणारी साधी नळी असते. तिचा व्यास पुढच्या चाकापासूनचे अंतर मोजून आणि लांबी हँडलच्या वाकांमधील जागा मोजून ठरवावी, आणि ब्रेकच्या वायरी तिच्यामुळे वाकड्या होत नाहीत हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासावे. पट्ट्यांची मोकळी टोके कुठेही लोंबकळू देऊ नयेत. चाकात गेलेला पट्टा धावती सायकल जागच्या जागी थांबवतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने या लेखात मला यापेक्षा महत्त्वाचे काही सांगायचे नाही.

टार्प शिवणे म्हणजे लांबच लांब सरळ शिवणी घालणे, असे वाटते, पण चांगल्या टार्पमध्ये एकही कड सरळ नसते. सरळ कापलेले कापड दोन टोकांना ताणले, की टोकांजवळ ते ताठ होते आणि मध्यभागी ढिले पडून फडफडते. हीच कड आतल्या बाजूला किंचित वक्र कापली, तर ताण सगळ्या कडेवर वाटला जातो आणि टार्प ढोलाच्या कातड्यासारखा तट्ट बसतो. हा वक्र म्हणजे दोन टोकांना टांगलेल्या साखळीचा आकार. त्याचे गणित १६९१ मध्ये लायब्निट्स, हॉयगेन्स आणि योहान बर्नूली यांनी सोडवले, पण आपल्याला त्या समीकरणाची गरज पडत नाही. भिंतीवर कडेच्या लांबीइतक्या अंतरावर, एका पातळीत दोन खिळे ठोकावेत, त्यांना बारीक साखळी टांगावी, मध्यभागी हवा तेवढा झोल येईपर्यंत ती सैल सोडावी आणि मागे लावलेल्या लांब कागदावर पेन्सिलीने तिची रेघ उतरवून घ्यावी. तीन मीटरच्या मध्यशिवणीला, म्हणजे टार्पचे दोन भाग जोडणाऱ्या मधल्या शिवणीला, ८ ते १२ सेंटीमीटर झोल चांगला पडतो आणि बाहेरच्या कडांना त्याहून थोडा कमी. तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापला, म्हणजे दोन्ही भागांना तंतोतंत तोच वक्र मिळतो.

मध्यशिवण जीन्सच्या पायाला असते तशी, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा मारलेली असावी. तिच्यात कापडाचे चार थर एकत्र येतात, त्यामुळे ती मजबूत असते आणि कापडाची उघडी कड कुठेच राहत नाही. दोरी जिथे ओढली जाते त्या प्रत्येक ठिकाणी आतून अर्धगोल आकाराचा जाड कापडाचा तुकडा शिवावा. तुकड्याची कड सरळ ठेवली तर ताण तिच्या टोकांशी गोळा होतो, गोलाईवर तो पसरतो. फासे वीतभर लांब फितीचे घ्यावेत आणि त्यांवर मागे-पुढे दाट टीप मारावी. कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेत कमी ताणले जाते आणि उरेब म्हणजे तिरक्या दिशेत खूप, म्हणून मध्यशिवण नेहमी धाग्याच्या दिशेतच यावी अशा बेताने कापड मांडावे. शेवटी शिवणीच्या भोकांवर सिलिकॉन लावावे. सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनखेरीज दुसरे काहीही चिकटत नाही. खिडक्यांच्या फटी बुजवायचे शुद्ध सिलिकॉन मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावणात) ब्रशने पसरेल इतके पातळ करून, मोकळ्या हवेत, टार्प ताणून बांधलेला असताना लावले तर भोके उघडलेल्या अवस्थेतच भरतात. सायकलस्वाराला टार्पसाठी खांबही न्यावा लागत नाही. उभ्या सायकलचा पुढचा ब्रेक वेलक्रोच्या पट्ट्याने दाबून बांधला आणि हँडलला दोन्ही बाजूंनी दोऱ्या दिल्या, की जवळपास एक मीटर उंचीचा पक्का आधार तयार होतो. टार्पच्या पुढच्या टोकाची उंची म्हणूनच मी आपल्या हँडलच्या उंचीवरून ठरवायला सांगतो.

पांघरुणाच्या बाबतीत युक्ती सरळ आहे. स्लीपिंग बॅगचा जो भाग पाठीखाली येतो तो अंगाच्या भाराने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो ऊब धरत नाही. खालून येणारी थंडी अडवण्याचे काम चटईचेच असते, मग पाठीखालचा भाग काढून टाकला तरी काही बिघडत नाही. उरते ती पायाकडे बंद आणि वरून उघडी दुलई. पहिल्यांदा शिवणाऱ्याने पिसांच्या फंदात पडू नये, कारण पिसांना कप्पे लागतात, प्रत्येक कप्प्याचे आकारमान काढावे लागते आणि भरताना पिसे घरभर होतात. सलग तंतूंच्या कृत्रिम भरावाला मध्ये टाके घालावे लागत नाहीत. तो फक्त कडेला पकडला की पुरतो. चौरस मीटरला ८५ ग्रॅमचा भराव ढोबळ मानाने १० अंश सेल्सिअसपर्यंत, १२२ ग्रॅमचा ४-५ अंशांपर्यंत आणि १६७ ग्रॅमचा शून्याच्या आसपास पुरतो, अर्थात अंगात उबदार कपडे आणि खाली चांगली चटई असेल तर.

समजा, दुलईची लांबी १९५ सेंटीमीटर आणि सरासरी रुंदी १२० सेंटीमीटर ठेवली, तर क्षेत्रफळ सुमारे २.३ चौरस मीटर होते. चौरस मीटरला ३५ ग्रॅमच्या कापडाचे दोन थर मिळून १६० ग्रॅम, १२२ ग्रॅमचा भराव २८० ग्रॅम, आणि नाडी, बटणे, दोरा धरून दुलई ४५० ते ४७५ ग्रॅमांत बसते. खांद्याशी रुंदी १३५ ते १४० सेंटीमीटर असावी आणि कूस बदलताना वारा शिरत नाही याची खात्री जुन्या चादरीचा तसाच तुकडा कापून, त्याखाली झोपून करून घ्यावी. शिवताना दोन्ही कापडे सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर घ्यावीत, त्यांच्याखाली भराव आणि भरावाखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवाव्यात. कागद नसला तर भरावाचे तंतू मशीनच्या दात्यांत अडकतात; टीप पूर्ण झाल्यावर तो फाडून काढता येतो. एका बाजूला हात जाईल एवढे तोंड ठेवून सगळी कड शिवावी, दुलई सुलट करावी आणि ते तोंड वरून टीप मारून बंद करावे. कडेपासून आत आणखी शोभेची टीप मारण्याचा मोह टाळावा, कारण जिथे टीप पडते तिथे भराव दबतो आणि थंडी तिथूनच लागते.

पेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्यांपासून अल्कोहोलवर चालणारी शेगडी करणे हा या छंदातला सर्वांत झटपट प्रयोग आहे. बुटक्या डब्याच्या वरच्या कडेखाली कागदाला भोके पाडायच्या पंचने भोकांच्या दोन ओळी पाडल्या की काम झाले. आत अल्कोहोल ओतून पेटवावे, अर्ध्या मिनिटाने ते उकळू लागले की भांडे थेट डब्याच्या तोंडावर ठेवावे, म्हणजे ज्वाळा बाजूच्या भोकांतून बाहेर येतात. अशी शेगडी १०-१५ ग्रॅमांची होते. तरीही ती प्रत्येक सफरीला योग्य ठरत नाही. इथेनॉलमध्ये किलोला सुमारे २७ मेगाज्यूल ऊर्जा असते, ब्युटेन वायूत ४६ च्या आसपास. वाऱ्याचा आडोसा असताना अर्धा लिटर पाणी उकळायला २० मिलिलिटर, म्हणजे १६ ग्रॅम अल्कोहोल लागते असे धरले, तर वायूच्या शेगडीला त्याच्या निम्मेच इंधन पुरते. वायूची शेगडी आणि रिकामी टाकी मिळून १७०-१८० ग्रॅम भरतात, त्यामुळे पंधरा-वीस वेळा पाणी उकळण्यापर्यंत अल्कोहोल हलके पडते आणि त्यापुढे वायू. अल्कोहोलची ज्योत दिवसा उजेडात जवळपास दिसत नाही. ती विझली असे समजून वरून इंधन ओतणे अत्यंत धोक्याचे असते. तंबूच्या आत कोणतीही शेगडी पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वणव्याच्या हंगामात अनेक ठिकाणी बंद करण्याची कळ नसलेल्या शेगड्यांना मनाई असते, आणि ती मनाई मला योग्य वाटते.

सगळेच घरी करण्याचा अट्टहास मी धरत नाही. हवा भरायची चटई विकतच घ्यावी. तिची उष्णता रोखण्याची क्षमता आता २०१८ मध्ये ठरलेल्या एकाच प्रमाण पद्धतीने मोजतात, त्यामुळे तुलना करणे सोपे झाले आहे. तुटल्यावर सायकलस्वार खाली पडेल, अशी कोणतीही वस्तू, म्हणजे धातूचे कॅरियर किंवा पुढच्या काट्यावरचे आधार, जोडकामाचे शिक्षण नसताना घरी करू नये. कापड, दोरा आणि पट्टे यांच्या मर्यादेत राहिले तरी वर्षानुवर्षे पुरेल एवढे काम आहे. कुठून सुरुवात करावी, असे कोणी विचारले तर मी गुंडाळून बंद होणाऱ्या छोट्या पिशव्यांपासून करायला सांगतो, त्यानंतर वळकटी, मग टार्प, आणि हात बसल्यावर त्रिकोणी पिशवी. दुलई यात केव्हाही येऊ शकते, कारण तिला कौशल्यापेक्षा मोकळी जमीन जास्त लागते.

दुरुस्तीचे साहित्य मात्र पहिल्या सफरीपासून सोबत हवे. बॉबिनवर गुंडाळलेला जाड पॉलिस्टर दोरा, दोन सुया, वापरलेल्या प्रत्येक कापडाचा तळहाताएवढा तुकडा आणि सिलिकॉनची छोटी नळी, हे सगळे ३० ग्रॅमांत बसते. टार्प फाटला तर त्याच कापडाचा गोल तुकडा सिलिकॉनने चिकटवून रात्रभर दगडाखाली ठेवला की तो पक्का बसतो. चौकोनी तुकड्याचे कोपरे उचलले जातात. चेन मागून उघडू लागली तर ती बदलण्याआधी सायकलच्या हत्यारांतली पक्कड घ्यावी आणि सरकत्या तुकड्याच्या मागच्या दोन्ही कडा एकेक करून अगदी हलक्या हाताने दाबाव्यात. झिजून रुंदावलेली फट पुन्हा अरुंद होते, दाते एकमेकांत धरू लागतात आणि उरलेली सफर त्याच चेनवर पार पडते. नवा सरकता तुकडा घरी आल्यावर बसवता येतो, म्हणून चेनच्या टोकाची शिवण मी मुद्दाम सहज उसवता येईल अशी, एकाच टिपेची ठेवतो.